दमसास आणि पुस्तके : आपापले अनुभव

लांब पल्ल्याचे धावणे, पोहणे, सायकल चालवणे या खेळांविषयीची आणि त्यात आयुष्य घालवलेल्या माणसांविषयीची पुस्तके आपल्यापैकी अनेकजण आवडीने वाचतात. पण अशा पुस्तकांची नुसती यादी हाती आली, की त्यातले कोणते, कधी आणि कशासाठी वाचावे हे काही कळत नाही. म्हणून एक विनंती आहे. पुस्तकाचे नाव सांगून थांबू नये. ते आपण कोणत्या परिस्थितीत वाचले, त्याने नेमके काय बदलले आणि काय बदलले नाही, तेही लिहावे. एखाद्या पुस्तकाच्या नादाने काही चुकले असेल, तर तो अनुभव विशेष करून सांगावा, कारण तसे कुणी सहसा सांगत नाही. सुरुवात मीच करते.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यामुळे मला चार महिने धावणे बंद ठेवावे लागले होते. त्या काळात हारुकी मुराकामी यांचे ‘व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग’ हाती आले. कादंबरी लिहिण्यासाठी तासन्‌तास बैठक मारावी लागते, आणि ती बैठक टिकवायची तर शरीर टिकवले पाहिजे, या व्यवहारी विचाराने हा लेखक तिशी उलटल्यावर धावू लागला. १९९६ मध्ये जपानमधल्या सारोमा सरोवराकाठी ते १०० किलोमीटर धावले, त्याचे प्रकरण मी तीनदा वाचले. ५५ किलोमीटरनंतरची त्यांची अवस्था, आपण माणूस नसून यंत्र आहोत असे स्वतःला बजावत पुढे सरकत राहणे, आणि ७५ किलोमीटरच्या आसपास कशातून तरी आरपार गेल्यासारखे वाटणे, हे सगळे त्यांनी आवाज न चढवता लिहिले आहे. ११ तास ४२ मिनिटांनी त्यांनी शर्यत पूर्ण केली. मला मात्र त्यापुढची पाने अधिक मोलाची वाटली. एवढा पल्ला गाठल्यावर धावण्याची ओढच आटत गेली, हे त्यांनी लपवलेले नाही. गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून मी ते वाचत होते. पिशवी पाझरली आणि ती दोन पाने भिजली. ती आजही सुरकुतलेली आहेत, त्यामुळे पुस्तक उघडले की तेथेच उघडते.

एका गोष्टीत मात्र मी त्यांच्याशी सहमत होऊ शकले नाही. निदान शेवटपर्यंत चाललो नाही, धावतच राहिलो, अशा अर्थाची ओळ आपल्या थडग्यावर असावी, असे ते म्हणतात. त्या दिवसांत मला चालण्याचीच परवानगी होती, आणि ती ओळ मनाला लागली. पुढे मी एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे अशीच पुन्हा सुरुवात केली, आणि आजही लांबच्या पल्ल्यात मध्ये मध्ये ठरवून चालते.

* * *

माझे पुस्तक कॅथरीन स्विट्झर यांचे ‘मॅरेथॉन वूमन’. १९६७ च्या बोस्टन मॅरेथॉनमधले ते छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल : अंगावर २६१ क्रमांक लावलेली तरुणी, म्हणजे स्विट्झर, आणि शर्यतीत स्त्रियांना प्रवेश नाही म्हणून तो क्रमांक खेचून काढायला धावलेला शर्यतीचा अधिकारी. मीही ते वर्षानुवर्षे पाहत आले होते. पुस्तक वाचल्यावर प्रथमच लक्षात आले, की तो प्रसंग शर्यतीच्या पहिल्या काही मैलांतच घडला होता, आणि त्यानंतर जवळजवळ सगळी शर्यत अजून धावायची होती. थंडी होती, सोबतच्या मित्राशी रस्त्यातच वाद झाला होता, भीती आणि संताप दोन्ही अंगात होते. आणि आपण आता थांबलो, तर बायकांना हे झेपत नाही असेच सगळे म्हणतील, हा विचार पाय उचलायला लावत होता. सुमारे ४ तास २० मिनिटांनी त्यांनी शर्यत संपवली.

मला सर्वांत आवडलेला भाग त्याआधीचा आहे. ज्या वयस्क धावपटूबरोबर त्या सराव करत, त्या आर्नी ब्रिग्ज यांनाच बाईला हा पल्ला झेपेल असे वाटत नव्हते. आधी सरावात पूर्ण अंतर धावून दाखव, मग मीच तुला बोस्टनला नेईन, असे ते म्हणाले. स्विट्झर यांनी ते अंतर पार केले, आणि वर आणखी पाच मैल धावू या असा आग्रह धरला. ३१ मैल झाल्यावर ब्रिग्जच शुद्ध हरपून पडले. हे वाचले त्याच आठवड्यात माझा ३० किलोमीटरचा पहिला सराव होता. अंगठ्याचे नख काळेनिळे झाले, शेवटच्या चढावर पोटरीत गोळे आले, आणि तरीही त्या अधिकच्या पाच मैलांची आठवण येऊन मी चाल मोडली नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. बॉबी गिब या धावपटूने १९६६ सालीच, प्रवेश नाकारला गेल्यावर, झुडपात लपून राहून बोस्टनची ती शर्यत पूर्ण केली होती, आणि १९६७ मध्ये ती स्विट्झर यांच्या सुमारे तासभर आधी पोहोचली. छायाचित्र एकीचे निघाले, म्हणून दुसरी विसरली जाऊ नये. स्त्रियांना बोस्टनमध्ये अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडले. तेव्हा मी शाळेत जात होते. म्हणजे हे सगळे किती अलीकडचे आहे, हे मला त्या पुस्तकामुळे कळले.

* * *

पुस्तकाच्या नादाने काय चुकले, असे विचारले आहे, म्हणून लिहितो. क्रिस्टोफर मॅक्डुगल यांचे, जाड तळव्यांच्या बुटांवर शंका घेणारे ‘बॉर्न टू रन’ मी दोन बैठकांत वाचून संपवले आणि तिसऱ्या दिवशी जाड तळव्यांचे बूट कपाटात टाकून पातळ तळव्यांचे बूट घातले. पाचव्या आठवड्यात पायाच्या चवड्यातल्या हाडाला बारीक तडा गेला. दोष पुस्तकाचा नाही. मी ते उतावळेपणाने वाचले. मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनमधले रारामुरी लोक पायांत टायरच्या रबराचा तळ असलेल्या चपला घालून धावतात, आणि लहानपणापासून तसेच धावत आलेले असतात, हे त्यातच लिहिलेले आहे. वीस वर्षे मऊ बुटांत वाढलेल्या माझ्या पावलांना ती सवय पाच आठवड्यांत कशी लागणार होती?

तडा भरून आल्यावर मी पुस्तक पुन्हा वाचले. पहिल्या वेळी नजरेतून निसटलेली गोष्ट या वेळी दिसली. ते लोक एकेकटे, घड्याळाशी झुंजत धावत नाहीत. लाकडी चेंडू पायाने पुढे उडवत, घोळक्याने, सणासारखे धावतात. २००६ साली त्याच दऱ्याखोऱ्यांत झालेल्या शर्यतीत अमेरिकेचा नामवंत धावपटू स्कॉट ज्युरेक अर्नुल्फो किमारे या रारामुरी धावपटूच्या मागे राहिला. आता मी आठवड्यातून एक दिवस घड्याळ घरी ठेवून, चौघांच्या सोबतीने, बोलता येईल एवढ्याच वेगाने धावतो. माझ्या बाबतीत त्या पुस्तकाचा खरा उपयोग एवढाच झाला, आणि तो पुरेसा आहे.

* * *

मी धावत नाही, पोहते. लिन कॉक्स यांचे ‘स्विमिंग टू अंटार्क्टिका’ हे पोहणाऱ्यांनीच नव्हे, सर्वांनी वाचावे असे पुस्तक आहे. पंधराव्या वर्षी, १९७२ मध्ये, त्यांनी इंग्लिश खाडी १० तासांच्या आत पार केली. १९८७ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या मधल्या बेरिंग सामुद्रधुनीत त्या एका देशाच्या बेटावरून दुसऱ्या देशाच्या बेटापर्यंत पोहून गेल्या, तेही शीतयुद्ध चालू असताना. पोहण्याला दोन तासांच्या वर थोडी मिनिटे लागली. परवानगीसाठी मात्र अकरा वर्षे पत्रे लिहावी लागली. दमसास म्हणजे काय, हे मला त्या पत्रांच्या हकिकतीतून अधिक समजले.

२००२ मध्ये अंटार्क्टिकाच्या गोठणबिंदूजवळच्या पाण्यात, साधा पोहण्याचा पोशाख घालून, त्या मैलाहून अधिक अंतर २५ मिनिटे पोहल्या. येथे कळकळीने सांगते, की हे वाचून कुणी एकट्याने थंड पाण्यात उतरू नये. मी थंड तलावात पहिल्यांदा वीस मिनिटे पोहले, तेव्हा पाण्यात सगळे ठीक होते. बाहेर येऊन दहा मिनिटे झाल्यावर हुडहुडी भरली. गारठलेल्या हातापायांतले रक्त आत परतत असते आणि शरीराचे आतले तापमान बाहेर आल्यावरही काही वेळ उतरतच राहते. जाकिटाची चेन माझ्या बोटांना लावता येईना. दोन टोके एकमेकांत बसवायची एवढेच काम, आणि मी ते कसे करायचे हेच विसरले होते. मैत्रिणीने ती लावली, टोपी घातली, आणि माझ्याशी सतत बोलत राहिली. कॉक्स यांच्या थंड पाण्यातल्या मोहिमांत डॉक्टर आणि नावेतली माणसे का असतात, हे त्यानंतर वाचताना वेगळ्या नजरेने दिसू लागले.

* * *

माझा अनुभव लिहावा की नाही, असा बराच विचार केला. माझ्या धाकट्या भावावर कर्करोगाचे उपचार चालू होते, तेव्हा मी त्याला सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांचे ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ वाचून दाखवत असे. १९९६ मध्ये फुप्फुसांपर्यंत आणि मेंदूपर्यंत पसरलेला आजार, आणि १९९९ मध्ये टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे विजेतेपद. औषध शिरेतून आत जायला जे तीन-चार तास लागत, त्यात आमची वीसेक पाने होत. भाऊ डोळे मिटून ऐके, आणि मी थांबलो की बोटानेच पुढे वाचण्याची खूण करी.

२०१२ मध्ये आर्मस्ट्राँग यांची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली, आणि २०१३ च्या जानेवारीत त्यांनी उत्तेजके घेतल्याचे स्वतः कबूल केले. भाऊ बरा होऊन तोवर बरीच वर्षे झाली होती. मी ते पुस्तक काढून टाकायला निघालो, तर त्याने ते माझ्या हातातून घेतले. आजार खोटा नव्हता, एवढेच तो म्हणाला.

त्यानंतर आम्ही दोघांनी टायलर हॅमिल्टन यांचे, डॅनियल कॉयल यांच्यासह लिहिलेले ‘द सीक्रेट रेस’ वाचले. हॅमिल्टन हे आर्मस्ट्राँग यांचे एकेकाळचे सहकारी. खांद्याचे हाड मोडलेले असताना शर्यत पुरी करण्यासाठी दात इतके खाल्ले, की नंतर अकरा दातांवर उपचार करावे लागले, असे सांगणारा हा माणूस आपण उत्तेजके घेत होतो, रक्ताच्या पिशव्या चढवून घेत होतो, हेही त्याच पुस्तकात तपशिलाने सांगतो. सोसणे खरे असू शकते आणि त्याच शर्यतीतली जीत खोटी असू शकते, हे माझ्या मनाला अवघड गेले. माझे मत असे, की पहिले पुस्तक कुणी वाचणार असेल, तर दुसरे त्याच्या शेजारी ठेवूनच वाचावे.

* * *

थोडक्यात लिहितो. ज्यांना चरित्रांपेक्षा ‘हे का होते’ यात रस आहे, त्यांनी ॲलेक्स हचिन्सन यांचे ‘एन्ड्युअर’ वाचावे. आपण स्नायू संपल्यामुळे थांबतो की मेंदूने आधीच हात आखडता घेतल्यामुळे थांबतो, हा त्याचा मुख्य प्रश्न आहे. साखरेचे पेय गिळले नाही, नुसती चूळ भरून टाकून दिले, तरी तासाभराच्या सायकल-चाचणीत वेळ सुधारते, ही गोष्ट मला विलक्षण वाटली. साखर रक्तात पोहोचतही नाही. तोंडाने मेंदूला फक्त कळवलेले असते. मी अर्ध-मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात, पोट काही घेईनासे झाले, की हे करून पाहतो. दर वेळी गुण येतोच असे म्हणणार नाही.

* * *

वडील तरुणपणी पाच आणि दहा हजार मीटर धावत. आता त्यांना फार दिसत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी वाचते आणि ते ऐकतात. रिचर्ड आस्कविथ यांनी लिहिलेले, चेकोस्लोव्हाकियाचे धावपटू एमिल झाटोपेक यांचे चरित्र, ‘टुडे वी डाय अ लिटल’, आम्ही दोन महिने पुरवून वाचले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके, आणि ती मॅरेथॉन आयुष्यातली पहिली. ४०० मीटरच्या फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये थोडे हलके धावणे, आणि हे दिवसाला चाळीस-चाळीस वेळा. फेऱ्यांचे आकडे आले, की वडील मला थांबवून बोटांवर हिशोब करत.

१९६८ नंतर, प्राग वसंताची, म्हणजे देशातल्या त्या वर्षीच्या उदार सुधारणांच्या चळवळीची, बाजू घेतल्यामुळे, झाटोपेक यांना सैन्यातून आणि कम्युनिस्ट पक्षातून काढले गेले आणि वर्षानुवर्षे अंगमेहनतीची कामे करावी लागली. पुढे दबावापुढे ते नमलेही, आणि चरित्रकाराने तो भाग झाकलेला नाही. ती पाने वाचताना माझा आवाज मंदावला. वडील म्हणाले, “वाच, वाच. धावणाऱ्याला सगळ्याच शर्यती जमतात असे कुठे असते?”

ऑस्ट्रेलियाचे धावपटू रॉन क्लार्क यांचा प्रसंग मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावला. क्लार्क यांच्या नावावर जागतिक विक्रमांची रास होती, पण ऑलिंपिक सुवर्ण नव्हते. १९६६ मध्ये ते प्रागहून परत निघाले, तेव्हा झाटोपेक यांनी विमानतळावर त्यांच्या हातात एक लहानसे पुडके ठेवले. पुढे ते उघडल्यावर त्यात १९५२ चे दहा हजार मीटरचे सुवर्णपदक निघाले. वाचून झाल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “ते दोघे कधी एकमेकांविरुद्ध धावले होते का?” नाही, झाटोपेक आधीच्या पिढीतले, असे मी सांगितले. “तरी दिले,” असे म्हणून त्यांनी मला पुढचे प्रकरण सुरू करायला सांगितले.

* * *

सर्वांचे मनापासून आभार. ‘द सीक्रेट रेस’ आणि झाटोपेक यांचे चरित्र मी वाचलेले नव्हते; दोन्ही आता घेते. एक उणीव जाणवते, ती अशी की दिवसरात्र सायकल चालवणाऱ्यांपैकी आणि नौका वल्हवणाऱ्यांपैकी कुणी अजून लिहिलेले नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास झोप आवरेनाशी होते, त्या वेळेबद्दल प्रामाणिकपणे लिहिलेले एखादे पुस्तक आपल्याला ठाऊक असेल, तर ते कोणते आणि आपण ते कधी वाचले, हे अवश्य कळवावे.