पद्मिनीला (१९७६) टायर घ्यायचेत: नायलॉन की रेडियल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरच्या प्रीमियर पद्मिनीला नवे टायर घ्यायचेत आणि नायलॉन (जुन्या पद्धतीचे, तिरक्या धाग्यांचे) घ्यावेत की रेडियल (हल्लीच्या गाड्यांना असतात ते), यावर घरात एकमत होत नाहीये. गाडी १९७६ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, बाबांनी कोरी घेतलेली आणि आजही त्यांच्याच नावावर आहे. इंजिन, गिअरबॉक्स, सीटा, सगळं मूळचं. चालवते मुख्यतः मी.

वापर आधी सांगते, कारण उत्तर त्यावरच ठरेल. एरवी कराडात आणि आसपास रविवारची चक्कर. पण सणावाराला आम्ही हीच गाडी घेऊन गुहागरकडे जातो, म्हणजे पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट. गणपतीला निघालो की घाटात पाऊस ठरलेला. चार माणसं, डिकी सामानाने भरलेली. वेग साठ-पासष्टच्या वर जात नाही, न्यायची इच्छाही नाही.

सध्याचे टायर ५.२०-१४ (रुंदी ५.२० इंच, चाकाचा व्यास १४ इंच), चार प्लायचे (चार थरांच्या ताकदीचे) नायलॉन. अंगावर ३४११ असा आकडा आहे, म्हणजे २०११ सालच्या चौतिसाव्या आठवड्यातले. गाडी कमी चालल्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक आहे. पण खाचांच्या तळाशी आणि डिस्कच्या (टायर ज्यावर बसतो त्या लोखंडी चाकाच्या) कडेलगत बारीक भेगा पडल्यात. नख लावलं तर आत जातं. टायरवाले काका म्हणाले, "ताई, नक्षी झिजून गोटा झालेला टायर निदान गोटा दिसतो तरी. हा चांगला दिसतो आणि दगा देतो." त्यामुळे पाचही बदलायचे, यात वाद नाही. काय घालायचं, यात आहे.

बाबांचं म्हणणं नायलॉनच. कंपनीने गाडी बनवली तेव्हा डिस्क, सस्पेन्शन, स्टिअरिंग हे सगळं त्या टायरचा विचार करून बनवलं. शिवाय नायलॉन सुटायच्या आधी सांगतो. हे मला स्वतःला पटतं. ओल्या वळणावर जरा वेग जास्त झाला की गाडी एकदम जात नाही, हळूच बाहेर सरकायला लागते. पाय सैल केला की परत येते. ही जाणीव मला गमवायची नाहीये.

आमच्या मिस्त्रींचं म्हणणं रेडियल. तेही उगाच बोलत नाहीत. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी काढली की पहिले काही किलोमीटर धडधडते, कारण नायलॉनचे धागे उभ्या जागी चपटे बसतात आणि गरम झाल्यावरच पूर्ववत होतात. काँक्रीटच्या रस्त्याला जिथे लांब सांधा किंवा चाकोरी असते तिथे स्टिअरिंग आपोआप तिकडे ओढलं जातं. महामार्गावर शेजारून ट्रक जात असताना ते ओढलं जाणं अंगावर येतं. आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर थांबायला लागणारं अंतर मला खरंच जास्त वाटतं. गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तिथे टायरची पकड तरी चांगली असावी असं वाटतं.

मी जे समजून घेतलं ते थोडक्यात: नायलॉनमध्ये धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेद देत जातात, त्यामुळे बाजूची भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग एकाच अंगाने हलतो. भिंत कलली की नक्षीचा भागही कलतो. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. भिंत हवी तशी लवते, खालचा भाग रस्त्यावर सपाट राहतो. पकड, आयुष्य, कमी तापणं, सगळं तिथून येतं. मिशेलिनने हा टायर १९४९ मध्ये बाजारात आणला, म्हणजे आमची गाडी निघाली तेव्हा तंत्र नवं नव्हतंच.

आता प्रश्न. पन्नास वर्षांच्या मूळ डिस्कवर रेडियल घालणं सुरक्षित आहे का? रेडियल घातल्यावर डिस्कला चीर गेली असं ऐकलंय, त्यात तथ्य किती? दुसरं, साइज कोणता? इथल्या दुकानात १४ इंचात उंच भिंतीचा रेडियल म्हणून १६५/८० (रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ८० टक्के) सहज मिळतो, स्विफ्टला लागतो तोच. ५.२० च्या जागी १६५ रुंद होईल का? तिसरं, पॉवर स्टिअरिंग नाही. बाबा अधूनमधून चालवतात आणि त्यांचं वय ७८ आहे. उभ्या गाडीत चाक वळवणं त्यांना जड जाणार असेल तर मला तो मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

ज्यांनी जुन्या फियाटला किंवा पद्मिनीला दोन्ही वापरून पाहिलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: पाटा_आणि_बुश

ताई, तुमच्या वापराला रेडियल. पण टायर घेण्याआधी डिस्क.

चीर जाते यात तथ्य आहे. रेडियल रस्ता धरून ठेवतो, त्यामुळे वळणावर जो जोर आधी टायर सरकून सोडून द्यायचा तो आता डिस्कवर, बेअरिंगवर आणि सस्पेन्शनवर येतो. तुमच्या वेगाला आणि साधारण नऊशे किलोच्या गाडीला हा जोर फार नाही, चांगली डिस्क तो आरामात पेलते. गंजून पातळ झालेली किंवा आधीच चिरलेली डिस्क पेलणार नाही. म्हणून पाचही डिस्क उतरवा, रंग पूर्ण काढा आणि बोल्टच्या भोकांभोवती, तसंच मधली ताटली बाहेरच्या कड्याला जोडलेली असते त्या जोडावर नीट बघा. नुसत्या डोळ्यांनी नाही. चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे लाल डाय आणि पांढऱ्या पावडरची तपासणी होते. लाल डाय चिरेत उतरतो, पुसून पावडर मारली की चिरेची लाल रेघ उमटते. रेघ दिसली तर ती डिस्क बाद. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

डिस्क बसवल्यावर काही दिवसांनी व्हील कॅप उडायला लागल्या, तर डिस्क लवते आहे असं समजा आणि पुन्हा तपासा.

दुसरं, ट्यूब घालाच. टायर ट्यूबलेस असला तरी. ट्यूबवाल्या जुन्या डिस्कला आतून तो उंचवटा नसतो, ज्याच्यामुळे हवा कमी झाल्यावरही टायरची कड जागेवर धरून राहते. घाटात हवा उतरली आणि कड सुटली तर काय होईल ते सांगायला नको. ट्यूब रेडियलला चालणारी आणि त्याच साइजची घ्या. टायरच्या आत कागदी स्टिकर असेल तर खरवडून काढायला सांगा, ते ट्यूबला घासून घासून भोक पाडतं. आणि शंखजिऱ्याची पावडर समोर उभं राहून टाकून घ्या.

किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती), टाय रॉडचे एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे) आणि स्टिअरिंग बॉक्स यांतला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आधी काढा. रस्त्यावर ओढलं जातं त्यातलं निम्मं टायरमुळे असेल, निम्मं यामुळे असू शकतं. प्ले असताना नवे टायर घातले तर कोणाचा गुण कळणार नाही.

प्रतिसाद: मूळरूप

मी नायलॉनच्या बाजूने लिहितो. माझी गाडी प्रदर्शनाला आणि रॅलीला जाते, घाटात जात नाही. तिच्यावर मूळ साइजचा, अरुंद, गोल खांद्याचा टायरच शोभतो. परीक्षकही ते बघतात. उभ्या गाडीत चाक वळवायला तो नक्कीच हलका.

एक गोष्ट तुमच्या कामाची. गाडी पन्नाशीची झाली की व्हिंटेज नोंदणीचा मोह होईल. २०२१ च्या नियमांनुसार ती मिळते, चासिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसला पाहिजे. टायरमुळे ती अडणार नाही. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या किंवा नेहमीच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं एवढ्यासाठीच. तुम्हाला गणपतीला गुहागरला जायचंय, तर नेहमीच्या नोंदणीचं साधं नूतनीकरणच बरं.

नायलॉन घेतलेत तर तारीख बघून घ्या. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी गेल्या (शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उतरली) तशी या साइजची उलाढाल आटली. दुकानात कोरा दिसणारा टायर चार-पाच वर्षं पडून असू शकतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. डिस्क उतरवल्या. दोन्ही कडांच्या आतून रुंदी मोजली, चार इंच भरली. डाय तपासणीत चार स्वच्छ निघाल्या. स्टेपनीच्या डिस्कला मात्र एका भोकापासून बारीक लाल रेघ आली. ती बाजूला ठेवली, दुसरी शोधते आहे. बाबांनी ती रेघ स्वतः बघितली आणि तेव्हापासून रेडियलबद्दल ऐकून घ्यायला तयार झालेत, कारण तो धोका कोणत्याही टायरखाली होताच.

आता साइज आणि हवेचं सांगा. आणि खर्चासाठी आधी पुढचे दोन रेडियल, मागचे पुढच्या वर्षी, असं चालेल का?

प्रतिसाद: घाटउतार

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजिबात नाही. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन ही सगळ्यात वाईट जोडी. वळणावर पुढची चाकं रस्ता धरतात, मागची त्याआधीच सरकतात आणि गाडीची शेपटी बाहेर येते. कुंभार्लीच्या ओल्या उतारावर ती सावरायला जागा नाही. एकाच अॅक्सलवर एक हा, एक तो, हेही नाही. म्हणून स्टेपनीसुद्धा रेडियलच हवी, नाहीतर पंक्चर झालं की तीच खिचडी होते. पैसे नसतील तर थांबा, पण पाच एकदम घ्या.

साइज. ५.२० म्हणजे सुमारे १३२ मिलिमीटर रुंदी. १६५ म्हणजे तेहतीस मिलिमीटर जास्त, प्रत्येक बाजूला सोळा-सतरा. चार इंची डिस्क १६५/८० ला चालते, पण ती किमान मर्यादा आहे, टायर जरा फुगीर दिसेल. व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास येतो. १५५/८० मिळाला तर ६०४, रुंदीही मूळच्या जवळ आणि स्टिअरिंग हलकं. मिळवायला खटपट करावी लागेल, पण वडिलांच्या हातांचा विचार करता मी ती केली असती. ६५ च्या भिंतीचे टायर दुकानदार पुढे करेल, ते घेऊ नका. १७५/६५ चा व्यास ५८३ वर येतो, गाडी खाली बसते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. वजनाची काळजी नको, १६५/८० वर सहसा ८५ हा आकडा असतो, म्हणजे प्रत्येक टायरला ५१५ किलो.

हवा. गाडीच्या पुस्तकातला आकडा नायलॉनसाठीचा आहे, तो विसरा. पुढे २६, मागे २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पासून सुरुवात करा, माणसं-सामान भरलं की मागे दोन वाढवा. मग नक्षीवर खडूची आडवी रेघ मारा, सरळ रस्त्यावर थोडं अंतर गाडी चालवा आणि रेघ कुठे पुसली ते बघा. मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. रेडियलची भिंत खाली थोडी फुगलेली दिसणारच, ते बघून पंपवाल्याला हवा वाढवू देऊ नका. अलाइनमेंट करताना टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत झुकलेली असतात ते माप) नायलॉनपेक्षा कमी ठेवायला सांगा, नाहीतर पुढचे टायर कडेने खातील.

जड स्टिअरिंगचं म्हणाल तर थोडं जड होणारच, १६५ ला जास्त. वडिलांना एवढंच सांगा की चाक वळवताना गाडी किंचित तरी हलती ठेवायची, जागेवर उभं राहून नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

ठरलं, रेडियल. १५५/८० साठी पुण्यात आणि कोल्हापुरात विचारणा करून ठेवली आहे. नाही मिळाले तर १६५, पण एकदम पाच नाही उचलणार. टायरवाले काका एक टायर बसवून बघू द्यायला तयार आहेत. आधी पुढे घालून दोन्हीकडे पूर्ण वळवून बघणार, मग मागे घालून डिकी भरून, मागच्या सीटवर तिघांना बसवून मडगार्ड आणि पाट्यांपाशी (मागच्या सस्पेन्शनच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगपाशी) किती फट उरते ते मोजणार. किंगपिनचं काम मिस्त्रींनी या आठवड्यात घेतलंय. कोणाकडे पद्मिनीची चांगली, न चिरलेली एक डिस्क असेल तर कृपया निरोप करा.