मदत हवी आहे: रुग्णालयासाठी तीन प्रोबचे एक पोर्टेबल सोनोग्राफी यंत्र घ्यावे की हातात मावणारी दोन?

नमस्कार.

आमच्या ४० खाटांच्या रुग्णालयात आपत्कालीन विभाग, अतिदक्षता विभाग आणि प्रसूतिकक्ष या तिघांना मिळून एकच पोर्टेबल सोनोग्राफी यंत्र आहे आणि ते आता बदलायचे आहे. मी अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. खरेदी समितीत माझाही समावेश आहे, परंतु बरीच माहितीपत्रके वाचूनही माझा निर्णय होत नाही.

जुन्या यंत्राचे आधी सांगते, कारण माझी शंका तेथूनच निघाली आहे. ते यंत्र अजून उत्तम चालते. निकामी झाला तो त्याचा लिनिअर प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून चित्र घेण्याचा सपाट तोंडाचा भाग. खाटेपासून खाटेपर्यंत नेताना त्याची केबल गाडीच्या चाकाखाली अनेकदा आली आणि पुढे पडद्यावर उभे काळे पट्टे दिसू लागले. जेल कमी पडले असेल असे समजून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. त्यानंतर एका रुग्णाच्या मानेतील शिरेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवायची नळी) घालत असताना सुईचे टोक नेमके त्या पट्ट्याआड गेले आणि मला सुई मागे घ्यावी लागली. रुग्णाला इजा झाली नाही, पण तो क्षण माझ्या मनातून जात नाही.

समितीसमोरचा पहिला पर्याय म्हणजे चाकांच्या गाडीवर बसणारे, लॅपटॉपच्या आकाराचे यंत्र. त्यासोबत पोट आणि गर्भ पाहण्यासाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा कॉन्व्हेक्स (फुगीर तोंडाचा) प्रोब, शिरांसाठी त्याहून अधिक वारंवारतेचा लिनिअर, आणि बरगड्यांच्या फटीतून हृदय पाहता यावे म्हणून लहान तोंडाचा फेज्ड अ‍ॅरे असे तीन प्रोब येतात. दुसरा पर्याय टॅबलेटला जोडायच्या, हातात मावणाऱ्या दोन उपकरणांचा आहे. त्यांत ध्वनिलहरी निर्माण करायला नेहमीच्या स्फटिकांऐवजी सिलिकॉनची चिप असल्यामुळे एकच प्रोब तिन्ही कामे करतो.

खरे सांगायचे तर माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता. धाप लागलेला रुग्ण दारात आल्याबरोबर फुप्फुसात पाणी आहे की छातीत हवा शिरली आहे, हे गाडी ओढत आणण्याची वाट न पाहता तपासता येणे ही आपत्कालीन विभागात फार मोठी गोष्ट आहे. मात्र चाचणीसाठी आणलेले उपकरण सलग वापरल्यावर तापले आणि गरम झाल्याची सूचना देऊन चित्र थांबले. शिवाय त्यात रंगीत डॉपलर (रक्तप्रवाह रंगांत दाखवणारी पद्धत) असले, तरी रक्तप्रवाहाचा वेग आलेखावर मोजण्याची सोय नव्हती. गर्भाच्या नाळेतील रक्तप्रवाह तपासताना प्रसूतिकक्षाला त्या आलेखाची गरज पडते.

ज्यांनी अशी उपकरणे वर्ष-दोन वर्षे रोजच्या वापरात ठेवली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: तीन विभागांत एकच यंत्र फिरवणे शहाणपणाचे आहे का, आणि प्रोब बिघडत चालला आहे हे रुग्णावर सुई धरण्यापूर्वी ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद

डॉक्टर, मी रुग्णालयातील उपकरणांची देखभाल करणारा अभियंता आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते आजच उपयोगी पडेल.

प्रोब स्वच्छ पुसून, जेल न लावता, हवेत धरून यंत्र सुरू करा. पडद्याच्या वरच्या भागात प्रोबच्या तोंडाला समांतर अशा उजळ रेषा दिसतात. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग हव्यात. मध्येच उभा काळा खंड दिसला, तर तेथील घटक (ध्वनिलहरी सोडणारे व टिपणारे बारीक भाग) किंवा त्यांच्या तारा निकामी झाल्या आहेत असे समजावे. लिनिअर आणि कॉन्व्हेक्स प्रोबसाठी ही तपासणी दर आठवड्याला करून चित्र जपून ठेवावे. फेज्ड अ‍ॅरेमध्ये सर्व घटक एकत्र काम करत असल्याने एखादा घटक बंद पडला तरी असा स्पष्ट खंड दिसत नाही, म्हणून तेथे या तपासणीवर विसंबू नये.

खरेदीविषयी माझे मत असे, की गाडीवरचे यंत्र प्रसूतिकक्ष आणि अतिदक्षता विभागासाठी घ्यावे आणि हातातले एकच उपकरण आपत्कालीन विभागाला द्यावे. करारात यंत्राइतकेच लक्ष प्रोबकडे द्या: दुरुस्तीच्या काळात बदली प्रोब किती दिवसांत मिळेल, केबलचे नुकसान हमीत धरले आहे का, आणि कोणत्या जंतुनाशकाने प्रोब पुसायचा, हे लेखी घ्या. प्रत्येक प्रोबला अल्कोहोल चालत नाही. काहींच्या तोंडावरचे आवरण त्याने कडक होऊन तडकते. प्रात्यक्षिक मात्र सडपातळ कर्मचाऱ्यावर पाहू नका. स्थूल रुग्णाच्या संमतीने, कक्षातील नेहमीच्या उजेडात, खोलवरचे चित्र कसे येते ते पाहा.

धागाकर्तीचे उत्तर

आपले मनापासून आभार. हवेतली तपासणी आताच करून पाहिली. लिनिअरमध्ये दोन खंड अपेक्षित होतेच, पण ज्या कॉन्व्हेक्सवर आम्ही निर्धास्तपणे विसंबून होतो, त्याच्याही कडेला एक बारीक खंड दिसला. ही चित्रे उद्याच्या बैठकीत समितीपुढे ठेवते आणि बदली प्रोबची अट मसुद्यात घालून घेते.