मदत हवी आहे : भाड्याच्या गाडीवर दिवा लावता येतो का?

नमस्कार मंडळी. नागपुरात माझी पिवळ्या पाटीची गाडी एका सरकारी कार्यालयात महिन्याच्या भाड्यानं लागली आहे. साहेबांकडे पावसाळ्यात आपत्ती व्यवस्थापनाची ड्युटी असते (२०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हापासून सगळेच धास्तावलेत), म्हणून टपावर दिवा लावा म्हणतात. सीताबर्डीतून चुंबकाचा, लायटरच्या सॉकेटवर चालणारा दिवा आणलाय. सध्या डिकीत पडून आहे.

१ मे २०१७ पासून साहेब-मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल आणि अंबर (पिवळसर केशरी) दिवे गेले, हे ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०८ वाचला. लाल-निळा-पांढरा दिवा फक्त अग्निशमन, पोलीस, सैन्यदलं आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या नेमलेल्या गाड्यांना, तोही कामावर असतानाच. शिवाय काचेवर परिवहन खात्याचं स्टिकर हवं. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, ‘आरटीओत जा.’ आरटीओच्या खिडकीवर उत्तर मिळालं, ‘कार्यालयाचं पत्र आणा.’ साहेबांचं तोंडी सांगणं चौकातल्या हवालदारापुढं चालत नाही, आणि चलान तर माझ्याच नावावर येणार.

गाडी खाजगी मालकीची, फक्त कंत्राटावर असताना असं स्टिकर कुणाला मिळालंय का? अर्ज कुणी करायचा, मी की कार्यालयानं?