१७ वर्षांचा पेशंट, मोठ्यांचा वॉर्ड: त्याच्याशी एकट्याशी कसं बोलू? मदत हवी आहे

मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. आमचे बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे. मुलांच्या विभागात वयामुळे न बसणारी १६-१७ ची पोरंही आमच्याकडेच येतात आणि खरं सांगते, आम्हाला ती नीट सांभाळता येत नाहीत.

आत्ताचा मुलगा १७ चा, टाइप १ डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, रोज इंजेक्शन लागतं. किटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठतं, जिवावर बेतू शकतं) होऊन आलाय, सहा महिन्यांत दुसऱ्यांदा. राउंडला डॉक्टर त्याला विचारतात, उत्तर आई देते. "इंजेक्शन चुकतं का?" "नाही हो, मी रोज आठवण करते." हा मोबाइलमधून मानही वर काढत नाही. रात्री एकला पांघरुणाखाली उजेड, सकाळी सहाला शुगर बघायला उठवलं की चिडचिड. (या वयात झोपच उशिरा लागते, ठाऊक आहे. पण वॉर्डचं घड्याळ आजोबांच्या हिशेबाने चालतं.)

परवा रात्री शेजारच्या कॉटवरचे आजोबा गेले. पडदा ओढला, सगळं नेहमीसारखं केलं. याच्याकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही. पहाटे सलाइन बदलायला गेले तर हा टक्क जागा. म्हणाला, "सिस्टर, त्यांनाही शुगर होती ना?" मी "झोप आता" म्हणून निघाले. ते अजून टोचतंय.

आई वाईट नाही, तीन रात्री खुर्चीत काढल्यात तिने. तिला न दुखावता बाहेर कसं पाठवू? आणि तो काही बोलला, वर "आईला सांगू नका" म्हणाला तर?

प्रतिसाद १
मुलांच्या विभागात बरीच वर्षं काढली आहेत. आईला बाहेर "पाठवू" नका, वॉर्डची पद्धत म्हणून दोघांसमोर सांगा: "या वयाच्या सगळ्यांशी आम्ही दहा मिनिटं एकट्याने बोलतो, मग तुमच्याशी." गुपिताची हद्दही आधीच सांगायची. जिवाला धोका असेल किंवा कुणी त्रास देत असेल तर गप्प बसता येणार नाही. दोनदा किटोअ‍ॅसिडोसिस हा धोकाच आहे, तेव्हा "आईला तू सांगतोस की दोघं मिळून सांगू?" एवढंच विचारायचं.

इंजेक्शनापासून सुरुवात नको. आधी घर, शिक्षण, मित्र. मग व्यसन, लैंगिक गोष्टी, जीव नकोसा होणं. आणि "चुकवतोस का?" नाही, "आठवड्यात किती राहून जातात?" वयात येताना ग्रोथ हार्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध जातं, गरजच वाढते. प्रत्येक वाढलेली शुगर त्याच्या माथी मारू नका.

खरं तर मुलांच्या विभागातून मोठ्यांकडे जायची तयारी १३-१४ व्या वर्षीच सुरू व्हायला हवी, ब्रिटनमधल्या नाइस (उपचारांबद्दल सूचना काढणारी संस्था) हिच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच म्हणतात. आमच्याकडून ते राहतं, कबूल.

प्रतिसाद २
मी १९ ची असताना अशाच वॉर्डात होते. बाकी सगळं नंतर, आधी आजोबांबद्दल बोला. तो स्वतःलाच त्या कॉटवर बघतोय.

धागाकर्ती
आज बोलले. आई पद्धत ऐकून निमूट बाहेर गेली, दाराशीच उभी होती. मी आधी त्या रात्रीची माफी मागितली. आजोबांची शुगर टाइप २ होती, त्याच्यापेक्षा वेगळी, आणि गेले ते हृदयविकाराने, हे सांगितलं. बराच वेळ गप्प. मग "आठवड्यात किती राहून जातात?" विचारलं तर त्याने मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाला, "रात्रीचं रोजच." आईला दोघं मिळून सांगायचं ठरलंय, संध्याकाळी.