केमो चालू आहे, घरच्यांसमोर रडावं का?

लातूरकरीण:
वय ४४, स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, आता परळला टाटामध्ये केमो. दर २१ दिवसांनी रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसने जातो. लाल औषधाचे तीन डोस झाले, एक राहिलाय. मग दुसरं औषध.

घरचे फार करतात. ताप १००.४ झाला की लगेच दवाखाना गाठा, असं डॉक्टर म्हणाल्यापासून सत्तरीच्या सासूबाई रात्री दोनला उठून माझा ताप बघतात आणि कालनिर्णयावर दुधाच्या हिशोबाच्या रकान्यात लिहून ठेवतात. ह्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. माझं तोंड आलंय म्हणून आता मुगाची पातळ, बिनतिखटाची खिचडी करतात. मी मात्र मोरीत नळ सोडून रडते. त्यांना कळलं तर खचतील. तुम्ही काय केलंत?

नांदेडवाला:
ताई, नवऱ्याच्या बाजूने सांगतो. माझी बायकोही नळ सोडायची. बाहेर सगळं ऐकू यायचं. मी दारापाशी उभा असायचो आणि ती आली की पेपर वाचत असल्यासारखं करायचो. मग एकदा दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो. मोरीबाहेर रांग, नळ सोडून बसणार कुठे? माझ्यासमोरच रडली. मीही रडलो. कितीतरी दिवसांनी त्या रात्री दोघांना झोप लागली. तुमच्या ह्यांनाही ऐकू येत असणार हो.

कराडची काकू:
माझी केमो संपून सहा वर्षं झाली. अगं, रड खुशाल. पण घरातलं एक काम स्वतःकडे ठेव. मी भाजी निवडायचं ठेवलं होतं, हात थरथरले तरी सोडलं नाही. नुसतं घेतच राहिलं की जीव कोंडतो. आणि रेल्वेची सवलत घेता ना? हॉस्पिटलच्या दाखल्यावर स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटचं तिकीट माफ, सोबतच्याला ७५ टक्के सूट.

लातूरकरीण:
सवलत घेतो, काकू. काल रात्री सासूबाई आल्या तेव्हा झोपेचं सोंग घेतलं नाही. म्हटलं, "आई, मला भीती वाटते." थर्मामीटर हातात धरून त्या पलंगावरच बसल्या. म्हणाल्या, "मला पण गं." बराच वेळ तशाच बसलो. ताप बघायचा राहूनच गेला. सकाळी बघितला, ९८.४. रकान्यात मीच लिहिला.