मदत हवी आहे : अतिवाहक चुंबकाच्या कॉलरचे गणित जुळत नाही

नमस्कार. मी सोलापुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असून, सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या एलएचसीमधील (कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रातील) द्विध्रुवी चुंबकाच्या काटछेदाचे फायनाइट एलिमेंट मॉडेल (छोट्या तुकड्यांत विभागून केलेले संगणकीय गणित) प्रकल्पासाठी करतो आहे. ८.३३ टेस्ला क्षेत्रात निओबियम-टायटॅनियमची गुंडाळी बाहेर ढकलली जाते. ती जरा जरी सरकली, तरी घर्षणाच्या उष्णतेने अतिवाहकता (विजेला शून्य रोध असण्याची अवस्था) नाहीशी होऊ शकते, म्हणून भोवती बसवलेल्या पोलादी कॉलरने तिला आधीच दाबून ठेवतात. (अक्कलकोट रोड एमआयडीसीतून ३ मिमी पत्र्याच्या दोन कॉलर नमुन्यादाखल कापून आणल्या, खाचेत पिन घालतानाच घाम फुटला.)

अडचण अशी की, १.९ केल्विनपर्यंत थंड केल्यावर पोलाद सुमारे ०.३ टक्के आकसते, गुंडाळी त्याहून जास्त, आणि माझ्या मॉडेलमध्ये पूर्वदाब जवळजवळ संपतोच. ॲल्युमिनियम सुमारे ०.४ टक्के आकसत असल्याने त्याची कॉलर घेतली तर दाब टिकतो, पण मग एलएचसीशी तुलनाच उरत नाही.

गुंडाळीचा स्थितिस्थापकता गुणांक (म्हणजे ताठरपणा) दाब चढताना आणि उतरताना वेगवेगळा असतो. थंड होण्याच्या टप्प्यासाठी यांपैकी कोणता घ्यावा, आणि कॉलर व गुंडाळीमधल्या स्पर्शपृष्ठावर घर्षण धरावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.