मदत हवी आहे: महेश्वरहून मांडूला बसने कसं जायचं?

डिसेंबरमध्ये आम्ही चौघी मैत्रिणी पाठीवर सॅक टाकून इंदूर-महेश्वर-मांडू करणार आहोत. इंदूरहून धामणोदमार्गे महेश्वर, एवढं पक्कं. मुक्काम घाटाजवळच हवा, कारण सकाळची अहिल्याबाईंच्या वाड्यातली लिंगार्चन पूजा अजिबात चुकवायची नाहीये. मातीची इवली इवली शिवलिंगं पाटावर ओळीने मांडतात आणि मग नर्मदेत सोडतात. नंतर हातमाग बघायचेत, म्हणजे निघायला तीन वाजणारच.

अ‍ॅपवर पुढच्या टप्प्याच्या बस दिसत नाहीत, लॉजवाले टॅक्सीच सुचवतात. ती बजेटबाहेर आहे, गाडी चालवणारंही आमच्यात कुणी नाही. अंधार पडायच्या आत पोचायचंय. दुपारी तीननंतर धामणोदहून मांडूची थेट बस मिळते का, की धारला उतरून बदलावी लागते?